‘बीटा टेस्टर’ला मराठीत काय म्हणावं?

सॉफ्टवेअर पक्कं होण्याआधी ते वापरून अडचणी कळवणारा बाहेरचा माणूस म्हणजे ‘बीटा टेस्टर’. त्याच्याबद्दल प्रश्न असा आला आहे : एका नव्या सॉफ्टवेअरच्या निवेदनात ‘आम्ही संभाव्य ग्राहकांची बीटा परीक्षक म्हणून भरती करत आहोत’ असं वाक्य आहे. ते बरोबर आहे का?

व्याकरणात चूक नाही, पण तीन शब्द खटकतात.

‘भरती’ म्हटलं की पगार, हुद्दा, हजेरी आलीच. इथे लोक आपला वेळ आपखुशीने देणार आहेत, तेव्हा ‘सहभागी करून घेत आहोत’ हे बरं. ‘संभाव्य ग्राहक’ हा कंपनीच्या आतल्या बैठकीतला शब्द. ज्याला बोलावतोय त्यालाच तोंडावर ‘संभाव्य ग्राहक’ म्हटलं, तर आपल्या खिशावर डोळा आहे असं त्याला वाटेल. निवेदनात सरळ ‘तुम्ही’ लिहावं.

खरी अडचण ‘परीक्षक’ची. परीक्षक गुण देतो, उत्तर त्याला आधीच ठाऊक असतं. ‘पारखी’ हा त्याच कुळातला सुंदर शब्द. पण रत्नपारख्याकडे मुरलेली नजर लागते. बीटा चाचणीत हवा असतो तो नेमका न मुरलेला माणूस. तिच्या आधीची अल्फा चाचणी कंपनीतल्या कंपनीत होते, तिथे बनवणाऱ्यांना कुठलं बटण कुठे आहे हे पाठ असतं. बाहेरचा माणूस मात्र ‘जतन करा’ शोधत पडदाभर फिरतो आणि कंटाळून खिडकी बंद करतो. त्याचं ते अडखळणंच कामाचं असतं. ‘चाचणीकर्ता’ प्रयोगशाळेत शोभतो. या माणसाला तोही बसत नाही.

मला वाटतं, नाम शोधण्याच्या नादात आपण क्रियापद विसरतो. मराठीत हा अर्थ ‘-ऊन पाहणे’ किती सहज सांगतं! चाखून पाहणे, घालून पाहणे, वापरून पाहणे. त्यात अजमावणं आहे, आणि पटलं नाही तर सोडून देण्याची मोकळीकही आहे. म्हणून मी लिहीन : ‘विकत घ्यायचं की नाही ते मागाहून ठरवा. आधी महिनाभर वापरून पाहा आणि कुठे अडलं ते आम्हाला कळवा.’

नाम लागलंच, तर ‘चाचणी-वापरकर्ता’ चालेल. ‘बीटा’ मात्र बदलू नये. जीमेल २००४ साली आलं, तेव्हापासून २००९पर्यंत त्याच्या नावाला हा शब्द चिकटलेला होता. तो वाचकांच्या ओळखीचा आहे.