वाचक विचारतात: बाळाच्या हातात काय द्यायचं?

ताई, माझा मुलगा आठ महिन्यांचा आहे, नुकताच रांगायला लागलाय. बारशापासून इतकी खेळणी आलीत की कपाटात मावत नाहीत, बहुतेक लाईट लागणारी नाहीतर गाणी म्हणणारी. सासूबाई म्हणतात लोकांनी प्रेमाने दिलंय, सगळं त्याच्यासमोर ठेव. मला मात्र धाकधूक वाटते. काय ठेवू आणि काय काढू? – एक आई, नाशिक

सगळ्यात आधी एक काम कराच, आजच करा. सगळी खेळणी पालथी घाला आणि सेलचं झाकण बघा. झाकणाला स्क्रू असेल आणि तो घट्ट असेल तर ठीक, पण नुसतं नखाने उघडत असेल तर ते खेळणं कितीही महागाचं असू दे, घरातून बाहेर. आतला तो चपटा गोल बटण सेल, रुपयाच्या नाण्याएवढा, बाळाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर तिथल्या ओलाव्यामुळे त्यातून करंट वाहायला लागतो, कॉस्टिक सोड्यासारखी जाळणारी अल्कली तयार होते आणि आतलं मांस भाजतं, दोन तासांतसुद्धा गंभीर इजा होऊ शकते. आणि बाहेरून काही कळत नाही हो, मूल नुसतं लाळ गाळतं, किरकिर करतं, खात नाही, आपल्याला वाटतं दात येतायत. नुसता संशय आला तरी उलटी करवायची नाही, घरी थांबून वाट बघायची नाही, सरळ एक्स-रेची सोय असलेल्या हॉस्पिटलला पळायचं. एक्स-रेमध्ये तो नाण्यासारखाच दिसतो, फक्त कडेला दुहेरी कडं दिसतं, म्हणून डॉक्टरांना "सेल असू शकतो" हे आपणहून सांगा. एक वर्षावरच्या मुलांना वाटेत मध चाटवायला सांगतात, पण तुमचं बाळ एक वर्षाखालचं आहे, त्याला मध अजिबात नाही.

खेळण्यांबरोबर घरातले रिमोट, वजनकाटा, देवासमोरचे लुकलुकणारे सेलवरचे दिवे, वाढदिवसाची गाणारी कार्डं हेही बघून घ्या, कारण रांगतं मूल खेळणं आणि वस्तू असा भेद करत नाही.

मग आकार. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी कंपन्या एक नळी वापरतात, 31.7 मिलिमीटर व्यासाची, तिच्यात जे पूर्ण मावतं ते घशात अडकू शकतं असं धरतात. घरी एवढं काटेकोर मोजायला नको, टिश्यू पेपरच्या रोलच्या आतली पुठ्ठ्याची नळी घ्या, ती थोडी मोठीच असते त्यामुळे आपण सुरक्षित बाजूला राहतो. त्यातून जे आरपार जाईल ते या वयाला नको. चेंडू तर साडेचार सेंटीमीटरपेक्षा मोठाच हवा. टेडीचे डोळे ओढून बघा, खुळखुळ्याचा सांधा दाबून बघा, आतले मणी बाहेर आले तर काय होईल याचा विचार करा. चुंबकाचे छोटे तुकडे आणि पाण्यात फुगणारे रंगीत मणी मोठ्या भावंडाचे असले तरी घरात नकोत, दोन चुंबकं पोटात गेली की आतड्याच्या दोन बाजूंनी एकमेकांना ओढतात आणि मध्ये आतडं चिमटतं. आणि फुगे! वाढदिवसाला फुटलेल्या फुग्याचा तुकडा लगेच उचला, तो घशावर चिकटला तर बोट घालूनही निघत नाही.

राहता राहिलं काय ठेवायचं. या वयात बाळाला समजायला लागतं की वस्तू झाकली तरी ती असते, म्हणून रुमालाखाली वाटी लपवून "कुठे गेली?" करा, पन्नास वेळा केलं तरी त्याला नवं वाटेल. स्टीलच्या वाट्या एकात एक घालणं, डब्यात चेंडू टाकून काढणं, कापडी पुस्तक, एवढं भरपूर आहे. बटण दाबलं की खेळणंच गातं आणि नाचतं, मग बाळाने करायचं काय, नुसतं बघत बसायचं? एका वेळी चार-पाच खेळणी बाहेर ठेवा, बाकीची आठवड्याने बदला, सासूबाईंनाही पटेल कारण कुणाचंच सुरक्षित खेळणं फेकलं असं होणार नाही.

नातीसाठी वॉकर आणायचाय, सूनबाई नको म्हणते. आमच्या वेळी पांगुळगाडा होताच की. – आजोबा, सांगली

आजोबा, सूनबाईचं ऐका. वॉकर आणि पांगुळगाडा या दोन अगदी वेगळ्या गोष्टी. पांगुळगाड्याला धरून मूल स्वतःच्या पायावर उभं राहतं, तोल सांभाळतं, पडतं, परत उठतं. वॉकरमध्ये ते झोळीत बसतं, चवड्याने ढकलतं आणि ज्या वेगाने ते स्वतः कधीच जाऊ शकणार नाही त्या वेगाने जिन्याकडे किंवा गरम चहाच्या कपाकडे पोचतं. कॅनडाने 2004 मध्ये वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली. त्याने चालणं लवकर येतं हेही खरं नाही. तुम्ही हौसेने लाकडी पांगुळगाडा आणा, पण नात स्वतः धरून उभी राहायला लागल्यावरच, आणि गाडा हलका असेल तर पुढे पळतो, म्हणून त्यावर थोडं वजन ठेवा आणि स्वतः मागे राहा.

सावंतवाडीची लाकडी फळं आणलीत, त्यावर आयएसआय मार्क नाही. दीड वर्षाच्या मुलीला देऊ का? – एक वाचक, ठाणे

1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे, मार्कखाली सीएम/एल म्हणजे परवान्याचा नंबर असतो तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाकून बघता येतो, बघाच, कारण खोटा मार्कही छापतात. पण नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना आणि जीआय (म्हणजे त्या-त्या गावाची खासियत म्हणून सरकारी नोंद) मिळालेल्या वस्तूंना यातून सूट आहे, त्यामुळे मार्क नाही म्हणून कारागिराचं काम वाईट असं समजू नका. सूट आहे म्हणजे तपासणी मात्र आपल्यावर आली. सावंतवाडीची फळं वरून रंगवलेली असतात आणि दीड वर्षाचं मूल सगळं तोंडात घालतं, त्यामुळे कुठला रंग वापरलाय हे दुकानात विचारल्याशिवाय देऊ नका. ओल्या पांढऱ्या रुमालाने घासून बघा, रंग उतरला तर नाहीच द्यायचं, नाही उतरला तरी त्यात विषारी शिसं नाही असं त्यावरून सिद्ध होत नाही. सेटमधली लिंबू-मिरचीसारखी बारीक फळं वेगळी काढा. मुलगी तीन-साडेतीन वर्षांची झाली की हा पूर्ण सेट भातुकलीत काढा, तेव्हा ती भाजी विकेल, भाव करेल, तुम्हाला पैसे मागेल. तोपर्यंत ती बारीक फळं शोकेसमध्ये वरच्या फळीवर ठेवा.