'प्रश्न उद्भवत नाही' म्हणजे नेमके काय?

एका वाचकांची पृच्छा अशी आहे: त्यांच्या तालुक्यातील सोनसाखळी चोऱ्यांविषयी विधानसभेत विचारलेल्या प्रश्नाच्या छापील उत्तरात 'प्रश्न उद्भवत नाही' असे म्हटले आहे. लोकांच्या गळ्यांतील दागिने जात असताना शासन असे कसे म्हणू शकते, आणि हे मराठी तरी बरोबर आहे काय?

व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य निर्दोष आहे; त्याचा अर्थ मात्र विधिमंडळातील प्रश्नाच्या घडणीत दडलेला आहे. प्रश्न तोंडी उत्तराचा, म्हणजे तारांकित असो, की लेखी उत्तराचा अतारांकित, तो क्रमांक घातलेल्या भागांत मांडतात. पहिला भाग 'अमुक घटना घडल्या, हे खरे आहे काय' असा असतो, पुढचा 'असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय' असा, आणि शेवटी बहुधा 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत' असे विचारलेले असते. म्हणजे पुढचे भाग 'असल्यास' या शब्दाला टांगलेले असतात. पहिल्या भागाला 'हे खरे नाही' असे उत्तर दिले, की ती अट पुरी होत नाही आणि पुढील भागांसमोर 'प्रश्न उद्भवत नाही' असे लिहिले जाते. इंग्रजीतील 'डझ नॉट अराइझ' या ठरीव उत्तराचे हे मराठी रूप आहे. हिंदीत त्यासाठी 'प्रश्न नहीं उठता' असे लिहितात.

पृच्छकांचा गैरसमज मला अगदी स्वाभाविक वाटतो. विचारणा आणि समस्या या दोहोंना मराठीत 'प्रश्न' हा एकच शब्द चालतो. आपण परीक्षेतील प्रश्न म्हणतो, तसाच पाण्याचा प्रश्नही म्हणतो. त्यात 'उद्भवणे' हे क्रियापद मुख्यतः नको असलेल्या गोष्टींसाठी वापरले जाते: आजार उद्भवतो, वाद उद्भवतो, अडचण उद्भवते, पण संधी उद्भवली असे कोणी म्हणत नाही. त्यामुळे 'प्रश्न' आणि 'उद्भवणे' एकत्र आले, की मराठी मनात 'समस्या उभी राहिली' हाच अर्थ आधी उमटतो आणि त्याच्या नकारातून 'समस्याच नाही' असे ऐकू येते. हिंदीतील 'उठना' किंवा आपले 'उपस्थित होणे' यांना ही छटा तितकीशी नाही.

माझा खरा आक्षेप वेगळ्या ठिकाणी आहे. पहिल्या भागाला 'हे अंशतः खरे आहे' असे उत्तर असेल, तर खऱ्या ठरलेल्या अंशापुरती 'असल्यास' ही अट पुरी झालेली असते, आणि चौकशीविषयीच्या पुढील भागाला 'प्रश्न उद्भवत नाही' म्हणणे भाषेच्या व तर्काच्या दोन्ही कसोट्यांवर टिकत नाही. म्हणून पृच्छकांनी आपल्या कागदावरील पहिल्या क्रमांकाचे उत्तर आधी पाहावे. ते स्पष्ट नकारार्थी असेल, तर शासनाने चोऱ्या झाल्याचेच नाकारले आहे, आणि आक्षेप घ्यायचा तो त्या उत्तरावर घ्यावा. अशा वेळी 'पहिल्या भागाचे उत्तर नकारार्थी असल्याने हा भाग लागू होत नाही' असे लिहिले, तर वाक्य थोडे लांबेल, पण अर्थाविषयी शंका राहणार नाही.