कागद मागितला म्हणजे विश्वास कमी का?

‘देवावर भरवसा आहे म्हणते, आणि तरी मला कागद वाचून बघायचाय. मग माझा विश्वास खोटा का हो?’

ख्रिस्ती घरांतून हा प्रश्न माझ्याकडे पुष्कळदा येतो, फक्त रूप बदलतं. कुणाला ऑपरेशनआधी दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचं असतं, तर घरचे म्हणतात, प्रार्थना केली ना, आता कशाला? कुणाच्या मुलीला स्थळ आलेलं असतं. मुलगा ‘प्रार्थनेतला’, त्याची चौकशी कशी करायची म्हणून सगळं घर गप्प. चौकशी केली तर देवावर अविश्वास दाखवल्यासारखं, नाही केली तर रात्रीची झोप नाही. या दोहोंच्या मध्ये अडकलेली माणसं सोलापुरात सात रस्त्याजवळच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत येऊन बसतात. त्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेची हकीकत सांगते. त्यांना विचारून आणि ओळख पटेल असे तपशील बदलून.

जुळे सोलापुरात स्वतःचा फ्लॅट, पती वारलेले, मुलगा पुण्यात नोकरीला. अमेरिकन मराठी मिशनच्या शाळांनी सोलापुरात शिक्षकांची आणि नर्सची जी घरं उभी केली, त्यातलंच हे एक. गावभर विद्यार्थी, त्यामुळे सगळे त्यांना ‘बाई’ म्हणतात. मीही बाईच म्हणत आले.

बाई पहाटे उठून मनन करतात, म्हणजे बायबलमधलं एखादं वचन वाचून त्यावर विचार. आधी मननाची पुस्तिका, मग मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलेलं ‘आजचं वचन’, मग मोबाईलमधल्या अ‍ॅपवरचं. दिवसाची सुरुवात अशी व्हावी याचा मला हेवाच वाटतो. अडचण पुढे झाली, दिराच्या मुलामुळे.

पुतण्याचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. जुने यंत्रमाग काढून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत रेपिअर माग, म्हणजे धोट्याशिवाय चालणारे नवे माग, टाकायचे होते. बँकेला तारण हवं होतं आणि जामीनदार हवा होता. पोरगा कष्टाळू, रविवारी मंडळीत पुढच्या बाकावर. ‘काकू, प्रभूने दार उघडलंय. बँकवाले घाई करायलेत, तेवढी सही द्या की.’ तेवढी सही म्हणजे जामीनपत्रावर सही आणि राहत्या फ्लॅटचं तारण.

तो कागद घेऊन येणार होता त्या सकाळी पुस्तिकेत वचन आलं बायबलमधल्या नीतिसूत्रे या पुस्तकातलं, 3:5 : ‘तू आपल्या अगदी मनापासून परमेश्वरावर भाव ठेव, आपल्याच बुद्धीवर अवलंबून राहू नकोस.’ बाईंनी सरळ अर्थ लावला. कागद वाचू दे म्हणणं ही झाली आपली बुद्धी, सही करणं हा झाला भाव. एवढं ठरूनही पोटात गोळा आला. ‘आज बरं नाही रे’ म्हणून त्यांनी पुतण्याला दारातूनच परत पाठवलं. बहिणीला फोन केला तर ती म्हणाली, ‘अगं, शंका सैतान घालतो.’

मग शोध सुरू झाला. दुपारी अ‍ॅप उघडायचं, दुसरं वचन काढायचं. ते ‘भिऊ नको’ असं निघालं की पाच मिनिटं बरं वाटायचं. मग मनात यायचं, हे सही करायला भिऊ नको की नाही म्हणायला भिऊ नको? मग पुन्हा उघडायचं. रात्री शास्त्र कुठेही उघडून बोट ठेवायचं. माझ्याकडे आल्या तेव्हा डोळ्यांखाली काळं झालेलं आणि पर्समध्ये वचनांच्या चिठ्ठ्यांची थप्पी. ‘इतकी वचनं मिळाली, पण शांती नाही,’ म्हणाल्या.

हे मी नीट समजावून सांगते, कारण इथे बरेच जण स्वतःला विश्वासात कमी समजून बसतात. गॅस बंद केलाय ना, हे पुन्हापुन्हा ओट्याशी जाऊन बघणाऱ्या माणसाचं जे होतं तेच इथे होत असतं. बघितलं की क्षणभर सुटका, पण त्या सुटकेचीच सवय लागते आणि पुढची शंका लवकर येते. खात्री मागण्याचं चक्र हे चिंतेचं काम आहे. त्यात सापडलेल्या वस्तूचा, मग ती गॅसची चावी असो नाहीतर पवित्र शास्त्र, काही दोष नसतो. म्हणून बाईंना मनन थांबवायला मी सांगितलं नाही. सांगितलं ते असं : सकाळी एकदाच, एकच. ग्रुप म्यूट. दिवसा वचन काढावंसं वाटलं तर काढायचं नाही, वहीत फक्त वेळ लिहायची आणि मनात त्या घडीला काय चाललं होतं ते एका ओळीत. सुरुवातीला अस्वस्थता वाढेल, मग उतरेल, हेही आधीच सांगून ठेवलं. झोप, भूक आणि रोजचं काम महिनोन्‌महिने बिघडलेलं असेल किंवा पापाची भीती दिवसभर सोडत नसेल, तर हे वहीवर भागत नाही, तिथे मी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते. बाईंची तशी वेळ नव्हती.

दुसरी गोष्ट वाचनाची. सुटं वचन नको, अध्याय वाचा, म्हटलं. नीतिसूत्रांपासूनच सुरू करा. त्याचे 31 अध्याय आहेत, तारखेला एक वाचणारी माणसं आपल्या मंडळ्यांत आहेतच. तुम्ही तिसऱ्यापासून धरा. मी शिक्षिकेशी बोलत होते, त्यामुळे एक जोड दिली : ‘बाई, मुलांनी धड्यातलं एकच वाक्य वाचून प्रश्नाचं उत्तर लिहिलं असतं तर तुम्ही किती गुण दिले असते?’ त्या पहिल्यांदा हसल्या.

तिसऱ्या अध्यायात त्यांना काय काय सापडलं! ज्याला ज्ञान सापडतं तो धन्य. विवेक नजरेआड होऊ देऊ नकोस. म्हणजे ‘आपल्या बुद्धीवर टेकू नकोस’ म्हणणारा अध्याय बुद्धी बासनात गुंडाळून ठेवा असं म्हणत नव्हता. आपल्याला सगळं कळतं या घमेंडीवर तो बोलत होता. दोनच ओळी खाली तो तेही सांगतो : आपल्याच दृष्टीने शहाणा होऊ नकोस. प्रामाणिकपणे सांगायचं तर त्याच अध्यायात उलट बाजूने ओढणारंही होतं : हातात असेल तर ज्याला देणं योग्य आहे त्याचं हित करायला मागे राहू नकोस. बाईंनी नेमकं तेही टिपून आणलं. ‘मग पुतण्याला द्यायलाच हवं ना?’

दोन-तीन दिवसांत फोन आला. आवाज चढलेला. ‘अहो, सहावा अध्याय! प्रभू बोलला. सही करायची नाही!’ सहाव्या अध्यायाची सुरुवातच जामीनकीने होते. दुसऱ्यासाठी जामीन राहून शब्दात अडकला असशील तर डोळ्यांना झोप येऊ देऊ नकोस, हरिणीने शिकाऱ्याच्या हातून सुटावं तसा सुटून घे, अशा अर्थाचं ते आहे.

इथे मी त्यांना थांबवलं. खरं तर मला स्वतःला तो निर्णय पटत होता, तरी थांबवलं. कारण वचन बदललं होतं, रीत तीच होती. काल एका ओळीवर सही होणार होती, आज दुसऱ्या ओळीवर नकार. उद्या बहीण तिसरी ओळ काढील. आणि ती सहज काढू शकते. उत्पत्तीच्या 43 व्या अध्यायात यहूदा बापाला सांगतो, धाकट्या भावासाठी, बन्यामिनासाठी, मी जामीन राहतो, आणि ती गोष्ट त्याच्या मोठेपणाची म्हणून आपण रविवार शाळेत शिकवतो. मत्तयच्या चौथ्या अध्यायात तर मंदिराच्या टोकावर उभं राहून वचन काढून दाखवतो तो सैतान. स्तोत्र 91 मधलं. देवदूत तुला झेलतील, टाक उडी. येशू त्याला उत्तर देतो की परमेश्वराची परीक्षा पाहू नकोस. खाली किती खोल आहे हे माहीत असताना उडी टाकायला नकार देणं, याला कुणी अविश्वास म्हटलेलं नाही.

‘मग मी ठरवायचं कसं?’ बाई चिडून म्हणाल्या.

त्यांना यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा 32 वा अध्याय दिला. बाईंच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर यिर्मया 29:11 आहे, हिताच्या संकल्पांचं. आपल्यातल्या निम्म्या घरांत असतं. त्याच्या आधीच्याच ओळीत सत्तर वर्षं थांबायचं लिहिलंय, ते कॅलेंडरवर येत नाही. असो. 32 व्या अध्यायात यरुशलेमेला बाबेलच्या सैन्याचा वेढा आहे, यिर्मया कैदेत आहे, आणि त्याचा चुलतभाऊ हनामेल येऊन म्हणतो, अनाथोथातलं माझं शेत घे. तो येणार हे देवाने यिर्मयाला आधीच सांगितलेलं. म्हणजे नात्यातला व्यवहार आणि वरून खुद्द देवाचा शब्द. यापेक्षा ‘उघडलेलं दार’ कोणतं? तरी यिर्मया काय करतो? 17 शेकेल चांदी तराजूत तोलून देतो. खरेदीखत लिहितो, साक्षीदारांच्या सह्या घेतो, एक प्रत मोहोरबंद, एक उघडी. दोन्ही आपल्या लेखनिकाकडे, बारूखाकडे, देऊन मातीच्या मडक्यात ठेवायला सांगतो, पुष्कळ दिवस टिकावीत म्हणून. 

बाईंनी तो भाग मोठ्याने वाचला आणि चष्मा काढून म्हणाल्या, ‘हा तर माझ्याहून चिकट निघाला.’

त्यानंतर आम्ही प्रश्नांची यादी केली. कायद्याचं मी बोलत नाही, वकिलाकडे पाठवलं. तिथून त्या हादरून आल्या. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 128 प्रमाणे करारात वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी पुतण्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या, असं म्हणण्याची सोय गृहीत धरता येत नाही. खातं थकून बुडीत वर्गात गेलं तर 2002 च्या सरफेसी (थकीत कर्जवसुलीच्या) कायद्याने बँक 60 दिवसांची नोटीस देऊन तारणाच्या ताब्याची कारवाई सुरू करू शकते, त्यासाठी दिवाणी दावा लावावा लागत नाही. ‘मला वाटलं होतं सही म्हणजे पोराच्या चांगल्या वागणुकीचा दाखला,’ बाई म्हणाल्या. सेवानिवृत्त माणसांपैकी किती तरी जणांना असंच वाटतं.

पण वहीतल्या नोंदी बघितल्या तेव्हा मला जास्त महत्त्वाचं काही दिसलं. वचन काढण्याची हुक्की बहुतेक वेळा दिराचा फोन येऊन गेल्यावर आलेली. विचारलं, तर बराच वेळ बोलल्या नाहीत. मग सांगितलं. पती आजारी होते तेव्हा हॉस्पिटलात रात्री काढल्या त्या या दिराने. रक्ताच्या बाटल्यांसाठी धावला तो हाच पुतण्या, तेव्हा कॉलेजात होता. ‘त्यांना मी कोणत्या तोंडाने नाही म्हणू? प्रभूनेच नाही म्हटलं असतं तर...’

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही, गरजही नव्हती. भरवशाचा म्हणून आलेला प्रश्न बराचसा उपकाराचा होता. नाही म्हणायचं होतं, ते स्वतःच्या तोंडाने म्हणायचं नव्हतं. माझ्या अनुभवात ‘देव काय म्हणतो ते कळत नाही’ असं म्हणणाऱ्या कितीतरी जणांना ते कळलेलं असतं. कळलेलं सांगायला कुणीतरी दुसरं हवं असतं. याकोबाच्या पत्रात म्हटलंय, ज्याला ज्ञान उणं आहे त्याने देवाजवळ मागावं, तो दोष न लावता उदारपणे देतो. त्यातलं ‘दोष न लावता’ मला अशा वेळी फार मोलाचं वाटतं. विचारणाऱ्याला तो हिणवत नाही, मग आपण स्वतःला का हिणवायचं?

मंडळीच्या पाळकसाहेबांना बाईंनी बरोबर घेतलं, मुलाला पुण्याहून बोलावलं. पुतण्याला घरी जेवायला बोलावून स्वतः बोलल्या. आधी आम्ही दोघींनी ते बोलणं खोलीत म्हणून पाहिलं होतं, कारण ‘जामीन राहणार नाही’ हे तीन शब्द त्यांच्या तोंडून निघतच नव्हते. त्यांनी हिशेब विचारला : ऑर्डरी किती हातात आहेत, हप्ता किती, माल उठला नाही तर हप्ता कुठून. पुतण्याकडे अर्ध्याची उत्तरं होती. मग बाईंनी सांगितलं, घर तारण ठेवणार नाही, सही देणार नाही. एक एफडी मोडून ठरावीक रक्कम देते, परत आली तर ठीक, नाही आली तर तुझ्या त्या धावपळीचं समज. पुतण्याने ती घेतली नाही. ताटावरून उठला नाही, एवढंच. दिराचे फोन बंद झाले.

वर्ष उलटून गेलं. पुतण्याने दुसऱ्या नातेवाइकाला जामीन घेऊन कर्ज काढलं, माग बसवले, आणि आजतरी हप्ते वेळेवर जातात. बहीण बाईंना म्हणते, ‘बघ, उगाच घाबरलीस. विश्वास ठेवला असतास तर?’ बाईंनी मला हे सांगितलं तेव्हा मला वाटलं, आता पुन्हा चिठ्ठ्या निघणार. नाही निघाल्या. ‘कारखाना चालतोय याचा मला आनंद आहे,’ म्हणाल्या, ‘मी रोज त्याच्यासाठी प्रार्थना करते. पण तो चालेल हे त्या दिवशी त्यालाही माहीत नव्हतं, मलाही नाही. माझ्या पेन्शनीत तो हप्ता बसत नव्हता, एवढंच माहीत होतं.’

मनन चालू आहे, सकाळचं एकच. दिराचं मात्र अजून सलतं. नाताळचा फराळ त्यांनी पाठवला, डबा धुऊन परत आला, निरोप आला नाही. त्यावर आम्ही महिन्यातून एकदा बसून बोलतो.