कागदाच्या कारखान्यातले पाणी जाते कुठे?

प्रश्न : कागदात आणि पुठ्ठ्यात ओलावा जेमतेम सहा-सात टक्के असतो. मग तो तयार करायला इतके पाणी का लागते? तेच पाणी फिरवत राहून ताज्या पाण्याची गरज पूर्णपणे संपवता येणार नाही का?

उत्तर : कागदयंत्राच्या जाळीवर तंतू एकसारखे पसरावेत म्हणून लगदा इतका पातळ करावा लागतो की त्यात तंतूंचे प्रमाण सुमारे १ टक्का उरते. १ किलो तंतूंबरोबर ९९ किलो पाणी जाळीवर येते आणि त्यातले जवळजवळ ९५ किलो तिथेच निथळून जाते. बारीक तंतूंमुळे पांढरट दिसणारे हे पाणी बहुतेक कारखाने लगदा पातळ करण्यासाठी लगेच परत घेतात, त्यामुळे आपण सुचवलेला मार्ग बऱ्याच अंशी आधीच रूढ आहे.

ताजे पाणी खर्च होते ते इतरत्र : जाळी आणि फेल्ट (ओला कागद वाहून नेणारे जाड कापड) धुणारे फवारे, निर्वात पंप, रसायने विरघळवणे आणि यंत्रे थंड करणे. फवाऱ्यांच्या बारीक नोझलमध्ये तंतू अडकतात, म्हणून तिथे स्वच्छ पाणी सोडण्याची सवय पडलेली असते. पण निथळलेले पाणी नीट गाळून घेतले तर अनेक फवारे त्यावरही चालतात, शिवाय वाया जाणारे तंतू परत मिळतात. पंपांचे आणि थंड करण्याचे पाणी मुळात फारसे मळत नाही. ते सांडपाण्यात मिसळू देणे हा माझ्या मते सर्वांत अक्षम्य अपव्यय आहे.

पाण्याचे चक्र पूर्ण बंद केले की अडचणी सुरू होतात. क्षार, स्टार्च आणि विरघळलेली सेंद्रिय द्रव्ये साठत जातात, जिवाणू माजतात, बुळबुळीत थर सुटून कागदावर पडल्याने कागद तुटतो, पुठ्ठ्याला आंबूस वास येतो आणि यंत्रे गंजतात. साचलेल्या टाक्यांत हायड्रोजन सल्फाइड तयार होऊन कामगारांच्या जिवावर बेतू शकते, ही बाब तर कोणत्याही बचतीपेक्षा मोठी आहे. म्हणून चक्रातील काही पाणी जैविक प्रक्रियेतून सतत शुद्ध करत राहावे लागते. रद्दीपासून तपकिरी पुठ्ठा करताना हे तुलनेने सोपे जाते, कारण तिथे शुभ्रतेचा आग्रह नसतो. युरोपीय संघाच्या २०१४च्या निकषांत शाई न काढता रद्दीपासून केलेल्या कागदासाठी टनामागे १.५ ते १० घनमीटर सांडपाणी धरले आहे, तर विरंजित क्राफ्ट लगद्यासाठी (लाकडापासून रसायनांनी काढून पांढरा केलेला लगदा) २५ ते ५० घनमीटर.

एवढे करूनही वाफ होऊन जाणारे पाणी उरतेच. प्रेसमधून, म्हणजे ओला कागद दाबून पाणी काढणाऱ्या रोलरांमधून, निघालेल्या कागदात ४५ टक्के घन भाग असेल, तर टनभर कागद सुकवताना सुमारे १,००० लिटर पाणी उडून जाते. प्रेसमध्येच हे प्रमाण ५० टक्क्यांवर नेल्यास त्यातले सुमारे २०० लिटर वाचते, आणि त्याबरोबर इंधनही.

प्रश्न : आम्ही कागद बनवत नाही, तयार कागदापासून नालीदार पुठ्ठ्याची खोकी करतो. आमच्याकडे बचतीला वाव आहे का?

उत्तर : आहे, मात्र मर्यादित. वाफेचे थंड झालेले पाणी बॉयलरला परत द्यावे आणि डिंकाची भांडी धुतलेले पाणी पुढचा स्टार्चचा डिंक कालवताना वापरावे. छपाईचे रोलर धुताना पहिल्या हाताला आधीचे वापरलेले पाणी चालते. खोक्यामागचे खरे पाणी मात्र कागद गिरणीतच खर्च झालेले असते; त्यामुळे तेवढीच मजबुती देणारा हलक्या वजनाचा कागद निवडणे आणि कापणीतली कात्रणे कमी करणे, यांतून आपल्या नळाच्या मीटरवर न दिसणारी, तरीही सर्वांत मोठी बचत होते.