चाकणचे 84 हजार की कोल्हापूरचे 52? हिशोब एवढा सरळ नाहीये

नमस्कार, तुमचं पत्र दोनदा वाचलं. नाव आणि कंपनी काढून थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांना पण संदर्भ लागेल. वय 34, शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या मशीन शॉपला, हातात 52 हजार. मिसेस प्रायव्हेट शाळेत टीचर, 18 हजार. मुलगी पहिलीत. घर वडिलांचं, त्यामुळं भाडं नाही, वडिलांना शुगर. आता चाकणची 13 लाख सीटीसीची (म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करते तो एकूण खर्च) ऑफर आलीये, 1 ऑक्टोबरला जॉइन व्हा म्हणतायत, आणि तुम्ही विचारताय की जाऊ का राहू, आणि गेलो तर उचगावचा प्लॉट विकून तिकडं फ्लॅट घेऊ का.

आधी ते 13 लाख जरा उघडून बघू, कारण तुम्ही 13 ला 12 नं भागून महिना लाखाच्या वर धरून बसलाय आणि तिथंच गडबड आहे. ऑफर लेटरमध्ये 1 लाख व्हेरिएबल आहे, ते वर्षाच्या शेवटी मिळालं तर मिळालं. कंपनीच्या वाट्याचा पीएफ 78 हजार आणि ग्रॅच्युइटीचे (पाच वर्षं भरल्यावर नोकरी सोडताना मिळते ती रक्कम) साधारण 31 हजार पण त्या 13 लाखातच धरलेत. मग तुमच्या पगारातनं तुमच्या वाट्याचा पीएफ अजून 78 हजार, वर प्रोफेशन टॅक्स वर्षाला 2,500. उरतात 10 लाख 10 हजार, म्हणजे महिन्याला हातात 84 हजारांच्या आसपास. इन्कम टॅक्सचं टेन्शन नाही, नव्या रिजीममध्ये 75 हजार स्टँडर्ड डिडक्शन गेल्यावर तुम्ही व्हेरिएबल धरून सुद्धा 12 लाखांच्या आतच राहताय, सो टॅक्स शून्य. पण मग भाड्याच्या पावत्या जमवून एचआरए क्लेम करायचा वगैरे डोक्यात असेल तर ते काढून टाका, नव्या रिजीममध्ये ती सवलत नाहीच.

आता 84 वजा 52 म्हणजे 32 हजार जास्त, असं तुम्ही म्हणाल. पण तुमचं दीड पानाचं पत्र आहे आणि त्यात मिसेसचा उल्लेख एका ओळीत, "ती काय, येईल सोबत". अहो ती सोबत येईल म्हणजे 18 हजार सोडून येईल ना! म्हणजे तुलना 70 हजार आणि 84 हजार अशी आहे, फरक 14 हजारांचा, आणि मोशी-भोसरी साइडला बऱ्यापैकी टू बीएचकेचं भाडं 20 हजार धरलं तर तो फरक घराचं कुलूप उघडायच्या आधीच संपला.

पुढचं पण मांडतो. सध्या घरखर्च तुम्ही 38 हजार लिहिलाय, म्हणजे 32 हजार शिल्लक पडतायत, प्लस पीएफ दोन्ही बाजूंचा मिळून 6,240. तिकडं भाडं-मेंटेनन्स 22, तिघांचं घर 30, शाळेची फी आणि व्हॅन मिळून जास्तीचे 6, कोल्हापूरच्या घरी आईवडिलांसाठी 10 (लाइट बिल, औषधं, कामवाली मावशी), आणि जाण्यायेण्याला 4. झाले 72. शिल्लक 12 हजार. पीएफ मात्र तिकडं 13 हजार पडतो, तो धरायलाच पाहिजे कारण तो पण तुमचाच पैसा आहे. म्हणजे इकडं महिन्याला 38 हजार साठतायत आणि तिकडं 25. पगार वाढून सुद्धा महिन्याला 13 हजारांनी मागं. भाडी, किराणा हे माझे अंदाज आहेत, पाच इकडं तिकडं होतील पण चित्र फार बदलणार नाही.

मग राहा म्हणतोय का? नाही. तुम्हीच लिहिलंय की वर्षाला 6-7 टक्के वाढ मिळते आणि तुमच्या वरच्या खुर्चीत बसलेले साहेब 46 वर्षांचे आहेत, ते काय उठत नाहीत. चाकणला एका कंपनीत जमलं नाही तर दुसरी आहे, नाहीतर तळेगाव आहे, रांजणगाव आहे, दर तीन-चार वर्षांनी उडी मारता येते आणि खरी वाढ त्या उडीत असते. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल मिळून काम भरपूर आहे पण तुमच्या लेव्हलच्या पोस्टी मोजक्याच, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्यामुळं माझ्या मते जा. फक्त 13 हजार गुणिले 24 म्हणजे दोन वर्षांचे 3 लाख 12 हजार ही जायची फी आहे असं समजा, आणि ती भरायची तयारी करून जा.

आणि ती फी कमी करता येते, म्हणून जॉइनिंगची तारीख बदलून घ्या. तुम्ही सध्याच्या कंपनीत नोव्हेंबर 2021 ला लागलाय, म्हणजे ग्रॅच्युइटीची पाच वर्षं या नोव्हेंबरात होतात आणि तुम्ही सप्टेंबरअखेर निघताय! बेसिक 26 हजार, त्याचे 15 भागिले 26, गुणिले 5 वर्षं, म्हणजे 75 हजार रुपये, तेही टॅक्स फ्री. पाचव्या वर्षी 240 दिवस भरले की पाच वर्षं पूर्ण धरायची असे काही हायकोर्टांचे निकाल आहेत खरे, पण सगळ्या कंपन्या ते मानत नाहीत आणि निघताना मालकाशी भांडत बसण्यापेक्षा दीड महिना थांबलेलं परवडतं. चाकणच्या एचआरला मेल टाका की हँडओव्हरला वेळ लागतोय, नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जॉइन होतो. बहुतेक हो म्हणतात, माणूस शोधायला त्यांना पण परत तीन महिने लागतातच की.

दुसरं, एप्रिलपर्यंत एकटेच जा. मुलीचं वर्ष मध्येच मोडू नका, भरलेली फी जाते आणि नव्या शाळेची वेगळी भरावी लागते. भोसरीत रूम शेअर करून, मेस आणि महिन्यातनं दोनदा कोल्हापूर धरून 15 हजारांत भागतं. या काळात मिसेसचा पगार चालू, म्हणजे 84 आणि 18 मिळून 1 लाख 2 हजार, त्यातनं घरचे 38 आणि तुमचे 15 गेले तरी 49 हजार उरतात, आत्तापेक्षा 17 जास्त. पाच महिन्यांचे झाले 85 हजार. ग्रॅच्युइटी धरून 1 लाख 60 हजार, म्हणजे निम्मी फी इथंच निघाली. डिपॉझिट, ब्रोकरेज आणि टेम्पो यातनंच करा, एफडीतल्या अडीच लाखांना हात लावू नका.

उरलेली निम्मी मिसेसच्या हातात आहे. बीएड झालंय म्हणताय, तर तिकडच्या शाळांमध्ये तिनं आत्तापासून अर्ज टाकावेत, जूनच्या भरत्या आधीच सुरू होतात. तिला 20 हजारांची नोकरी लागली तर वर काढलेला 13 हजारांचा खड्डा भरून वर उरतात. आणि तिला यायचंच नसेल तर मग माझा सगळा हिशोब बाद, तेव्हा आधी तिला नीट विचारा, "बघू" हे उत्तर धरू नका.

पीएफ काढू नका, त्याच यूएएनवर (तुमच्या पीएफच्या कायमच्या नंबरवर) ट्रान्सफर करा. नव्या कंपनीच्या ग्रुप इन्शुरन्समध्ये आईवडील येतात का ते लेखी विचारा, आणि येत असले तरी वडिलांची स्वतःची पॉलिसी बंद करू नका, नव्या पॉलिसीत आधीच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत वेटिंग असू शकतं आणि शुगरवाल्याला ते फार महागात पडतं.

प्लॉटचं विचाराल तर आत्ता नाही. दोन वर्षं भाड्यानं राहा. चाकण-तळेगाव चौकात संध्याकाळी सहा वाजता एकदा अडकून बघा, मग कळेल घर मोशीला पाहिजे का चाकणच्या अलीकडं का कंपनी बसच्या स्टॉपपाशी, आणि तोपर्यंत ती कंपनी तुम्हाला झेपली का तुम्ही तिला हे पण कळलेलं असेल. घाईत विकलेला प्लॉट परत मिळत नाही, आणि वडिलांनी घेतलेला आहे तर त्यांच्याशी बोललाय का, ते पत्रात दिसलं नाही.