"मी आधीसारखी कधी होणार?"

संधिवात, ल्युपस, एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस)... असा कुठलाही कायमचा आजार घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला येणारी माणसं दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत हे विचारतातच, मॅडम, मी आधीसारखी कधी होणार? रिपोर्ट नॉर्मल कधी येणार हे ती डॉक्टरांना विचारतात, हा प्रश्न माझ्यासाठी राखून ठेवलेला असतो. इतक्यांदा ऐकलाय की आता सविस्तर लिहायलाच हवं असं वाटलं. एका ताईंची गोष्ट सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

वय चाळीशीचं, आजार ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते, सकाळी बोटं तासभर किंवा जास्तच आखडलेली राहतात, आणि थकवा असा की झोपूनही जात नाही. बाहेरून मात्र बऱ्याचदा काहीच दिसत नाही. आजाराआधी या ताई म्हणजे सगळ्यांचा आधार, नात्यात कुणाचं ऑपरेशन निघालं की पहिला फोन यांना. आल्या त्या एकच तक्रार घेऊन, डॉक्टर सांगतात, नवरा सांगतो, झेपेल तेवढंच कर, मला कळतं पण वळत नाही.

मी विचारलं, "बरं वाटतं त्या दिवशी काय करता?"

चेहरा एकदम खुलला. "त्या दिवशी काही विचारू नका! राहिलेली सगळी कामं काढते, कपाटं आवरते, कुणाकडे जायचं असेल तर तेही उरकते."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"दोन-तीन दिवस उठवत नाही."

"समजा अर्ध्यावर थांबलात, तर काय होईल?"

"काम राहील."

"राहू दे. अजून काय होईल?"

इथे त्या गप्प झाल्या आणि मीही काही बोलले नाही. अशा वेळी घाईने पुढचा प्रश्न टाकला की हातात आलेलं निसटतं, हे मी इतक्या वर्षांत पक्कं शिकलेय. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "थांबले तर मी खरंच आजारी आहे असं होईल ना. त्या एका दिवशी मला वाटतं, मी अजून तीच आहे." मग खूप रडल्या. आणि रडतच सांगितलं की चांगला आठवडा असला की आजारासाठीची आठवड्यातून एकदा घ्यायची गोळीसुद्धा त्या मुद्दाम चुकवतात.

तोपर्यंत सगळ्यांनी त्यांना हट्टी ठरवलं होतं. मला तो हट्ट वाटला नाही, ते दुःख होतं, स्वतःच्याच आधीच्या रूपाचं, न केलेलं दुःख. कुणी गेलं की लोक भेटायला येतात, जवळ बसतात, पण तब्येतीसोबत आपली ओळख गेली तर कोण येतं? केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकांनी १९८९ मध्ये हेच मांडलं, समाज ज्याला दुःख मानतच नाही ते माणूस एकट्याने ओढत राहतं. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की 'जपून राहा' हा सल्ला, कितीही बरोबर असला तरी, या रडण्याच्या आधी लागू पडत नाही.

पुढच्या भेटींत आम्ही काय गेलं ते नेमकं बोललो. माझं सगळं गेलं, असं म्हटलं की रडायलाही धड जागा सापडत नाही. त्यांनी लिहून आणलं, न विचार करता कुठल्याही प्लॅनला हो म्हणणं गेलं, शरीरावरचा भरवसा गेला, धावपळ गेली. पण लोकांचा आधार असणं? ते लिहिता लिहिता त्या थांबल्या, कारण नुकतंच नणंदेच्या ऑपरेशनचं सगळं त्यांनी घरी बसून फोनवर लावून दिलं होतं. तिथून मग अर्ध्यावर थांबणं जमायला लागलं, म्हणजे दुखायला लागल्यावर नाही, बरं चाललंय तेव्हाच. गोळीचं त्यांनी स्वतःहून डॉक्टरांना सांगितलं.

काही महिन्यांनी फ्लेअर आला, म्हणजे आजार पुन्हा उसळला, आणि त्या हिरमुसून म्हणाल्या, "परत मागे गेले मी." हेही मी सारखं ऐकते. दुःखाचे पाच टप्पे लोकांना पाठ असतात, शेवटी स्वीकार आला की संपलं असं वाटतं. पण मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये ते मांडले ते मृत्यू समोर असलेल्या रुग्णांशी बोलून, वर्षानुवर्षं चालणाऱ्या आजाराचं ते वेळापत्रक नाही. मला स्ट्रोब आणि शूट या अभ्यासकांची १९९९ ची मांडणी जास्त पटते, माणूस दुःख आणि रोजचं जगणं यांच्यात येत-जात राहतो. इथे तर प्रत्येक फ्लेअर काहीतरी नव्याने हिरावतो, मग रडूही नव्याने येणारच ना.

घरच्यांनो, 'दिसतेस तर छान' हे कौतुक म्हणूनही नका बोलू, 'आज किती झेपेल?' एवढं विचारा आणि जे उत्तर येईल ते खरं माना.

आणि दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, झोप-भूक बिघडली असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, जगणं नको असे विचार येत असतील तर एक दिवसही थांबू नका. स्टेरॉइड चालू असेल तर तेही त्यांना सांगा, कारण त्यानेही मूड बदलू शकतो, पण ते स्वतःच्या मनाने बंद करू नका.