‘ताई, तुम्हीच घ्या ना तिचं’

गृहभेटींचे कार्यक्रम चालवणारे समन्वयक माझ्याकडे येतात तेव्हा बहुतेकांची तक्रार एकच असते. ‘आमची ताई दारात पोचली की आई मुलाला तिच्यापुढे बसवते आणि आपल्या कामाला लागते. कार्यक्रम पालकांसाठी आणि पालकच बसत नाहीत. या लोकांना मुलांच्या शिक्षणाची आस्थाच नाही का?’

आस्था नाही, हे मला पटत नाही. का पटत नाही, ते एका घराच्या अनुभवावरून सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

कार्यक्रम नेहमीच्या धाटणीचा होता. शाळेत जाण्याआधीच्या वयाची मुलं, आठवड्यातून एकदा तासभर घरी येणारी ताई, तिच्या पिशवीत गोष्टीचं एक पुस्तक आणि त्या आठवड्याच्या कृती. उरलेले दिवस रोज पंधरा-वीस मिनिटं पालकांनी मुलासोबत बसायचं. समन्वयकबाई त्या ताईलाच सोबत घेऊन आल्या होत्या. ताई अगदी रडकुंडीला आली होती. ‘मी शिकवणीची बाई झालेय. आई आत, मी आणि मुलगी बाहेर. निघताना हाक मारली की आई येते, सही करते, आभार मानते, संपलं.’

ताईची नोंदवही पाहिली. अक्षर सुंदर, प्रत्येक भेटीपुढे ‘पूर्ण’ लिहिलेलं, मुलीच्या कृतिपत्रिका एकूण एक रंगवलेल्या. मी तिला विचारलं, ‘दोन भेटींच्या मधल्या दिवसांत हे पुस्तक त्या घरात कोण उघडतं?’ तिला सांगता येईना. नोंदवहीत तसा रकानाच नव्हता.

पुढच्या भेटीला मी तिच्यासोबत गेले. चार वर्षांची मुलगी धावत येऊन बसली. आईनं मधलं दार लोटून घेतलं, पण पूर्ण लावलं नाही. मी बसले होते तिथून ती फटीतून दिसत होती. ती कुठल्याच कामाला लागली नव्हती, दाराशी उभी राहून ऐकत होती. झाकणं लहान-मोठी लावताना मुलीनं एक झाकण चुकीच्या जागी ठेवलं, तेव्हा आतून आईचे ओठ हलले. आवाज मात्र बाहेर आला नाही. मुलगी प्रत्येक उत्तर दिलं की ताईच्या तोंडाकडे बघायची, दाराकडे एकदाही बघितलं नाही. आस्था नसलेली बाई दाराआड अशी जीव कानात आणून उभी राहत नाही.

ताईला मुलीसोबत अंगणात पाठवलं आणि मी आईशी बोलले. ‘तुम्ही शिकवत का नाही’ असं मी विचारलं नाही. त्या प्रश्नात आरोप असतो आणि आरोप झाला की उत्तरादाखल सबबच मिळते. मी एवढंच विचारलं, ‘ताई गेल्यावर तुम्ही दोघी काय बोलता?’ बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, ‘मोठ्याच्या वेळी मी घरी घ्यायचे त्याचं. त्याच्या बाईंनी सगळ्यांदेखत सांगितलं, घरी शिकवू नका, तुम्ही चुकीचं शिकवता आणि निस्तरावं आम्हाला लागतं. माझं बोलणंही शुद्ध नाही. हिचं तरी नीट होऊ दे. ताई, तुम्हीच घ्या ना तिचं.’

बाजूला होणं हीच तिची काळजी घेण्याची रीत झाली होती. अशा बाईला ‘तुम्हाला नक्की जमेल हो’ म्हणून भागत नाही. मी तिला सांगितलं की अक्षर गिरवून घ्यायला आम्ही तुम्हाला बसवतच नाही. चित्रात काय दिसतं ते विचारायचं, मुलगी बोलेल ते ऐकायचं आणि त्यात आपली चार वाक्यं घालायची. तेही घरात बोलता त्याच बोलीत, कारण मुलीला विचार त्याच बोलीत करता येतो. त्या पायावर शाळेची भाषा पुढे चढते.

मग मुलगी नसताना सराव घेतला. आधी ताई आई झाली आणि आई मुलगी. नंतर उलट. ताईनं मुलगी होऊन मुद्दाम चुकीची उत्तरं दिली, मधेच उठून गेली, पुस्तक ओढलं. आईच्या तोंडून पहिल्यांदा निघालं, ‘नाही, चुकलं.’ म्हणताच ती स्वतःच थबकली. हे वाक्य तिनं कुठे ऐकलं होतं ते आम्हा तिघींनाही कळलं. मी तिला दोनच गोष्टी धरायला सांगितल्या. प्रश्न विचारला की मनात पाच आकडे मोजायचे, तोवर पान उलटायचं नाही. उत्तर चुकलं की आधी विचारायचं, ‘तुला असं का वाटलं?’

पुढच्या भेटीत पुस्तक आईच्या हातात दिलं. मुलीनं ते ओढून ताईकडे नेलं, ‘तुला येत नाही, ताईला दे.’ आईचा चेहरा पडला. अशा क्षणी भेट देणारीनं पुस्तक घेतलं तर सगळी मेहनत पाण्यात जाते. ताई म्हणाली, ‘आज मला पण गोष्ट ऐकायचीय,’ आणि मुलीच्या शेजारी, आईसमोर जाऊन बसली. गोष्ट अडखळत झाली, निम्मी चित्रांवरूनच झाली, पण झाली.

हा सराव माझा शोध नाही. १९६९ साली जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात अविमा लोंबार्ड यांनी शाळेआधीच्या वयाच्या मुलांच्या पालकांसाठी ‘हिप्पी’ हा गृहभेटींचा कार्यक्रम सुरू केला, त्याची शिकवण्याची मुख्य पद्धतच ही. समन्वयक भेट देणाऱ्यांसोबत आठवड्याच्या कृतींचं नाट्य करतात, भेट देणाऱ्या तेच पालकांसोबत करतात आणि पालक मुलांसोबत. भेट देणाऱ्याही त्याच वस्तीतल्या, बहुधा स्वतः या कार्यक्रमातून गेलेल्या आया असतात. जमैकात किंग्स्टनमध्ये १९८६-८७ मध्ये वाढ खुंटलेल्या १२९ बाळांवर अभ्यास सुरू झाला. तिथे काही घरांत दोन वर्षं आठवड्याला तासभर भेट देऊन आईला बाळाशी खेळायला-बोलायला शिकवलं. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या पाठपुराव्यात, वीस वर्षांनंतर, भेटी मिळालेल्यांची कमाई न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त निघाली. आठवड्याचे तास १६८. त्यातला ताईचा एक. एवढा मोठा फरक त्या एका तासात बाळ काय शिकलं यातून पडला असेल असं मला वाटत नाही.

म्हणून समन्वयकबाईंशी माझं जे बोलणं झालं ते त्या आईबद्दल कमी आणि नोंदवहीबद्दल जास्त होतं. रंगवलेल्या पत्रिका मोजल्या तर ताई पत्रिकाच पूर्ण करून घेणार, आणि त्या लवकर पूर्ण होतात आई बाजूला असताना. ती कामचुकार नव्हती, जे मोजलं जात होतं ते ती चोख करत होती. आता त्यांच्या वहीत ‘पुस्तक कोणाच्या हातात होतं’ आणि ‘मधल्या दिवसांत काय घडलं, पालकांच्याच शब्दांत’ असे दोन रकाने आहेत. साप्ताहिक बैठकीत आकडे वाचण्याऐवजी सगळ्या जणी एखाद्या अडलेल्या घराचं नाट्य करतात. समन्वयक स्वतः अधूनमधून सोबत जातात आणि परतताना ताईलाही तोच प्रश्न विचारतात, ‘तुला असं का वाटलं?’ ज्या कार्यकर्तीला सतत चुका दाखवल्या जातात, ती पालकांच्या चुका धीरानं कशी ऐकून घेईल?

सगळ्याच घरी कारण हेच निघेल असं नाही. कुठे आई खरोखरच दमलेली असते, कुठे कामाच्या वेळेमुळे भेटतच नाही. तिथे भेटीची वेळ बदला. तेही जमत नसेल तर दिवसभर मुलाजवळ जो असतो, आजोबा, आत्या, मोठी बहीण, त्याच्या हातात पुस्तक द्या आणि आईसाठी झोपण्यापूर्वीची पाच मिनिटंच ठरवा. पण कारण विचारायच्या आधी वहीत ‘पालक उदासीन’ असं लिहू नका. त्या शब्दानंतर त्या घराकडे पुन्हा कोणी नीट बघत नाही.